संध्याकाळचा स्क्विड आणि वादळातला स्क्विड : एका सीनचं प्रकरण

१९५४ साल, कॅलिफोर्नियातलं बरबँक, डिस्नी स्टुडिओचं स्टेज नंबर ३. आत पाण्याची भलीमोठी टाकी, खास '२०,००० लीग्ज अंडर द सी' ह्या सिनेमासाठी बांधून घेतलेली. टाकीत नॉटिलस पाणबुडीची पाठ, तिच्यावर भाले-कुऱ्हाडी घेऊन उभे असलेले खलाशी, मागे सूर्यास्ताचं लालभडक आकाश, आणि पाणी एकदम शांत. त्या शांत पाण्यात एक प्रचंड स्क्विड, म्हणजे आपल्याकडे कोकणात ज्याला माकुल म्हणतात त्याचा राक्षसी भाऊबंद. त्याने आता पाणबुडीला विळखा घालायचाय, माणसं उचलायचीयत, आणि थिएटरात बसलेल्या पोराटोरांची पाचावर धारण बसवायचीय.

कॅमेरा सुरू झाला आणि स्क्विड भिजत गेला. त्याच्या हातांमध्ये भरलेला कापोक, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाच्या जातीचं भरण, पाणी पीत गेला, हात जड होत गेले, ते वर उचलून धरणाऱ्या तारांवर ताण आला, तारा तुटायला लागल्या, आणि ज्या तुटल्या नाहीत त्या सूर्यास्ताच्या उजेडात सरळ दिसायला लागल्या. खलाशांनी राक्षसाशी झुंजायचं होतं, आणि प्रत्यक्षात राक्षसाचा मेलेला हात स्वतःच उचलून स्वतःच्या अंगाभोवती गुंडाळून घेऊन ओरडायची वेळ आली.

हे प्रकरण मी गेली बरीच वर्षं परत परत बघतोय, कारण सिनेमा बनवताना जे काही चुकू शकतं आणि चुकल्यावर जे काही करता येतं ते सगळं ह्या एका सीनमध्ये सापडतं. सिनेमा '२०,००० लीग्ज अंडर द सी', निर्माता वॉल्ट डिस्नी, दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर, मूळ कादंबरी ज्यूल व्हर्नची. (लीग हे अंतराचं माप आहे बरं का, खोलीचं नाही. वीस हजार लीग म्हणजे साधारण ऐंशी हजार किलोमीटर, पाण्याखालून केलेला एवढा प्रवास. इतक्या खोल जाणं हा अर्थ नाहीच, पृथ्वीचा व्याससुद्धा तेवढा नाही.)

आधी हे लोक इथपर्यंत पोचले कसे ते बघू, कारण त्याशिवाय त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते कळत नाही.

डिस्नी म्हणजे तोवर कार्टून. माणसं घेऊन केलेले सिनेमे त्यांनी त्याआधी केले होते पण ते ब्रिटनमध्ये, महायुद्धानंतर तिथे अडकून पडलेला पैसा तिथेच खर्च करायचा म्हणून. बरबँकच्या स्वतःच्या स्टुडिओत पूर्ण लाइव्ह ॲक्शन सिनेमा, तोही एवढा मोठा, हा पहिलाच. सुरुवात झाली ती हार्पर गॉफ नावाच्या चित्रकारामुळे. वॉल्टने त्याला समुद्रातल्या जीवांवर छोट्या निसर्गपटाची मांडणी करायला सांगितलं होतं आणि गॉफने त्याऐवजी व्हर्नच्या कादंबरीचे स्टोरीबोर्ड काढून ठेवले. वॉल्ट आधी नाराज झाला म्हणतात, पण चित्रं बघून विरघळला. नॉटिलसचं डिझाइनही गॉफचंच. व्हर्नच्या पुस्तकात ती सिगारसारखी गुळगुळीत नळी आहे, सत्तर मीटर लांब, आणि वॉल्टलाही तसंच काहीतरी हवं होतं, पण गॉफचं म्हणणं असं की कथेत लोक हिला समुद्रराक्षस समजतात ना, मग ती राक्षसासारखी दिसायला नको का, म्हणून त्याने तिला शार्कसारखा आकार, मगरीसारखी खडबडीत पाठ, करवतीसारखी शेपटीपर्यंत गेलेली कड आणि डोळ्यांसारख्या चमकणाऱ्या खिडक्या दिल्या. हे मी आत्ताच सांगून ठेवतोय कारण पुढे स्क्विडच्या वेळी हाच प्रश्न परत येतो, की समोरची वस्तू खरी कशी आहे ह्यापेक्षा बघणाऱ्याला ती काय वाटायला हवी.

दिग्दर्शकाची निवड ही वेगळीच गोष्ट. रिचर्ड फ्लायशर हा मॅक्स फ्लायशरचा मुलगा. मॅक्स म्हणजे पॉपाय आणि बेटी बूपवाला, तीसच्या दशकात वॉल्टचा सगळ्यात मोठा स्पर्धक. पोराला फोन गेला तेव्हा त्याला खरंच वाटेना, मी कोण आहे हे ह्यांना माहीत आहे ना, असं त्याने विचारलं, आणि होकार द्यायच्या आधी वडिलांना विचारून घेतलं. वडील म्हणाले घे काम. वय सदतीस, हातावर आरकेओ स्टुडिओमधले छोट्या बजेटचे थ्रिलर, आणि आता अचानक कर्क डग्लस, जेम्स मेसन, पॉल लुकस, पीटर लॉरे, सिनेमास्कोप, टेक्निकलर, बहामामध्ये पाण्याखाली शूटिंग, जमैकात बेटावरचं शूटिंग. बहामामध्ये पाण्याखाली उतरणाऱ्यांचे पोशाख इतके अवजड की पाण्याबाहेर त्यात चालणं मुश्कील आणि पाण्याखाली डझनावारी माणसं एकाच वेळी श्वास, उजेड, वाळूचा गढूळपणा सगळं सांभाळत काम करतायत. तो भाग वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढंच सांगतो की ते सगळं जमलं, अवघड असून जमलं, आणि अडलं ते स्टुडिओच्या आत, जिथे पाणी, उजेड, आकाश सगळं ह्यांच्या हातात होतं.

आता पैशाची बाजू. सिनेमाचा खर्च शेवटी साधारण पन्नास लाख डॉलरवर गेला, त्या काळातल्या सगळ्यात महागड्या सिनेमांपैकी एक. त्याच वेळी वॉल्ट अनाहाइमला डिस्नीलँड उभं करत होता, त्यासाठी एबीसी ह्या टीव्ही कंपनीकडून गुंतवणूक आणि कर्जाची हमी घेतलेली, बदल्यात दर आठवड्याला टीव्ही कार्यक्रम द्यायचा कबूल केलेला. वर आरकेओची वितरणाची साथ सोडून ब्वेना व्हिस्टा ही स्वतःची वितरण कंपनी नुकतीच काढलेली. म्हणजे सिनेमा, पार्क, टीव्ही, वितरण, सगळं एकाच वेळी अधांतरी. अशा वेळी सेटवर एखादा सीन फसला तर माणूस काय म्हणेल? चालवून घ्या म्हणेल. एडिटिंगमध्ये बघू म्हणेल. मी स्वतः नाटकाच्या दोन-तीन ग्रुप्समध्ये नेपथ्याचं काम केलंय, अगदी छोट्या प्रमाणावर, आणि तिथेसुद्धा हजार-दोन हजारांच्या पडद्यासाठी 'आता झालंय ना, राहू दे' हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय आणि किती वेळा स्वतः बोललोय. इथे तर टाकी भाड्याची नव्हती, बांधलेली होती, आणि तारीख ठरलेली होती, नाताळ.

तर फसलं नक्की काय?

स्क्विड खराब बनला, एवढंच उत्तर दिलं तर ते अर्धं आहे. तो खराब बनला होता हे खरंच. पण तो पहिला सूर्यास्ताचा सीन आज बघता येतो, २००३च्या डीव्हीडीत तो दिलाय, आणि मी तो आवाज बंद करून, थांबवत थांबवत पाहिलाय. माझं मत असं झालं की त्या उजेडात, त्या पाण्यात चांगला स्क्विडसुद्धा मेला असता.

कारणं बघा. पाणी शांत आहे, म्हणजे प्राणी पाण्यात जिथे शिरतो ती रेषा सतत दिसते, आणि खोटेपणा नेहमी तिथे कळतो, जिथे खरी वस्तू आणि बनवलेली वस्तू एकमेकांना टेकतात. खरा प्राणी एवढा हात आपटेल तर पाणी उसळेल, इथे पाणी जागचं हलत नाही. उजेड सगळीकडे सारखा पसरलाय, सावली अशी कुठे नाहीच, म्हणून रबर रबरासारखं दिसतं. आकाश सपाट आणि तांबडं, त्याच्यापुढे काळी तार आली की डोळा आधी तिच्यावरच जातो. त्यात पडदा सिनेमास्कोपचा, उंचीच्या अडीचपट रुंद. जुन्या चौकोनी पडद्यावर निदान कडेचा फसलेला हात फ्रेमबाहेर ठेवता आला असता, इथे दहाच्या दहा हात एका वेळी दिसतात आणि त्यातले दोन हलतायत, बाकी आठ लोंबकळतायत हेही दिसतं. आणि शेवटचं, म्हणजे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, नटांना करायला काही नाही. समोरचा प्रतिस्पर्धी ढकलत नाही, ओढत नाही, मग नट जोर लावल्याचा अभिनय करतो, आणि जोर लावल्याचा अभिनय हसू आणतो. भीतीच्या सीनमध्ये एकदा प्रेक्षक हसला की संपलं, पुढे तुम्ही कितीही ओरडा.

फ्लायशरने काम थांबवलं. हे लिहायला दोन शब्द लागतात, पण त्या दिवशी त्या जागी उभं राहून ते करणं काय असेल ह्याचा विचार करा, स्पर्धकाचा मुलगा, पहिलाच मोठा सिनेमा, मालक रोज हिशोब बघणारा. वॉल्टने चित्रित झालेला भाग पाहिला आणि त्यालाही तेच दिसलं, की ही मारामारी गंभीर राहिलेली नाही. त्याने फ्लायशरला दुसरे सीन उरकायला पाठवलं, आणि स्क्विड परत बनवायला टाकला. ह्या प्रकरणात मला वॉल्टचं मोठेपण दिसतं ते इथे. पैसे त्याचे होते आणि ते त्याच्याकडे फारसे नव्हते.

त्यांच्यापुढे पर्याय काय काय होते ते मी माझ्या परीने मांडून बघतो. सीन काढून टाकायचा, तर मग व्हर्नचं नाव लावून उपयोग काय, ह्या पुस्तकातला लोकांना आठवणारा प्रसंग हाच. लहान मॉडेल घेऊन करायचं, तर पाण्याचे थेंब लहान होत नाहीत, पाणी मॉडेलचं पितळ लगेच उघडं पाडतं, आणि नट त्याच्याशी लढणार कसे. आहे त्या फुटेजमधले बरे तुकडे कापून जोडायचे, तर सीन दीड मिनिटाचा होऊन संपला असता. उरला एकच, परत शूट. पण परत शूट म्हणजे तेच परत का, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आलं ते लेखकाकडून, इंजिनियरकडून नाही.

पटकथा लिहिणारा अर्ल फेल्टन. त्याने सुचवलं की हा प्रसंग रात्री घडवा, वादळात. वारा, पाऊस, लाटा, विजा.

बस. एवढीच सूचना. पण ती वरच्या प्रत्येक दुखण्याला कशी लागू पडते ते बघा. लाटा आल्या की पाण्याची रेषा गेली, प्राणी कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो कळतच नाही. रात्र आली की तारा गेल्या. विजेच्या उजेडात हात दिसतो तो क्षणभर, डोळा तपासायला जातो तोवर अंधार. फेस आणि तुषार उडाले की रबर ओलं, चकचकीत, जिवंत वाटतं. वाऱ्याने आणि पाण्याच्या माऱ्याने जे हात यंत्राने हलत नव्हते तेही हलल्यासारखे दिसतात. आणि नट, त्यांना आता खरंच करायला काहीतरी आलं. घसरणाऱ्या लोखंडी पाठीवर पाय रोवायचे, तोंडावर बदाबदा पाणी पडतंय, शेजारच्याची हाक ऐकू येत नाहीये. ह्यातलं काहीच अभिनय करून आणायला लागत नाही.

आणि हे फक्त झाकपाक नव्हतं, म्हणूनच मला हे प्रकरण आवडतं. कथेतही ते जास्त नीट बसलं. सिनेमात नॉटिलसवर युद्धनौकेचा मारा होतो, ती जखमी होऊन खोल जाते, तिथे स्क्विड तिला धरतो, विजेचा धक्का देऊनही सोडत नाही, तेव्हा वर येऊन हाताने लढण्याशिवाय इलाज उरत नाही. वर आले तर वर वादळ. म्हणजे खालीही सुटका नाही आणि वरही नाही. शांत संध्याकाळी वर आले असते तर 'वर आलो म्हणजे जरा बरं झालं' असंच वाटलं असतं.

आता यंत्राचं. नवा स्क्विड केला रॉबर्ट मॅटी ह्या मेकॅनिकल इफेक्ट्सच्या माणसाने, आकार घडवला ख्रिस म्युलर ह्या शिल्पकाराने. पाणी पिणारं भरण गेलं. हलकं रबर, स्प्रिंगा, लवचीक नळ्या, वरून तारा आणि आतून हवेचा दाब, अशी रचना, म्हणजे हात नुसता उचलला जात नाही तर आतल्या बाजूला वळतो, आणि वळणं हाच तर ह्या प्राण्याचा जीव. वजन साधारण दोन टन, आणि तो चालवायला दोन डझनांहून जास्त माणसं, कोणी वर तारांवर, कोणी नळ्यांच्या व्हॉल्व्हवर. आपल्याकडे कठपुतळीवाला एकटा दोन हातांत पाच दोऱ्या सांभाळतो, इथे एका बाहुलीला एवढी माणसं, आणि सगळ्यांची लय एक हवी, नाहीतर पुन्हा तो दोन हात हलणारा आणि आठ लोंबकळणारा प्राणी तयार. सोबत वाऱ्याचे पंखे, लाटा करणारी यंत्रं, वरून एकदम पाणी सोडणाऱ्या टाक्या. तारांच्या जाळ्याखाली, पाण्यात, दिवसेंदिवस. ह्या दुसऱ्या शूटचा जादा खर्च दोन ते अडीच लाख डॉलरच्या घरात सांगितला जातो. एकूण पन्नास लाखांमध्ये तो आकडा लहान वाटेल, पण एका सीनसाठी, आणि तेही दुसऱ्यांदा, ही रक्कम त्या वर्षी डिस्नीकडे असलेल्या पैशाच्या मानाने डोळे पांढरे करणारी होती.

सिनेमा २३ डिसेंबर १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये लागला. त्याच्या दोन आठवडे आधी डिस्नीच्या टीव्ही कार्यक्रमात ह्या पाण्याखालच्या शूटिंगवर तासाभराचा भाग दाखवला गेला, आणि त्याला एमी मिळालं. इफेक्ट्स आणि कलादिग्दर्शन असे दोन ऑस्कर सिनेमाला मिळाले. इथे एक गोष्ट मनाला लागते. कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं पण हार्पर गॉफला नाही, कारण तो कलादिग्दर्शकांच्या युनियनचा सदस्य नव्हता म्हणून त्याचं नाव त्या जागी लागूच शकलं नाही. जिने हा सिनेमा आजही ओळखला जातो ती नॉटिलस ज्याच्या हातून आली तो माणूस त्या रात्री यादीत नव्हता. नियम म्हणून ठीक असेल, मला ते आजही पटत नाही.

बरं, आता पुस्तकाकडे, कारण पडद्यावर जे आलं त्याची किंमत पुस्तकाशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

व्हर्नची कादंबरी १८६९-७० मध्ये फ्रान्समधल्या एका मासिकात क्रमशः आली. त्यात हा हल्ला बहामाच्या जवळपास होतो, म्हणजे डिस्नीची माणसं पाण्याखालच्या शूटिंगला जिथे गेली त्याच समुद्रात. आणि एकच प्राणी नाही, अनेक आहेत. व्हर्नने हे हवेतून काढलं नव्हतं. १८६१ मध्ये आलेक्तों ह्या फ्रेंच जहाजाला कॅनरी बेटांजवळ खरोखरचा राक्षसी स्क्विड दिसला होता, खलाशांनी त्याला दोरीच्या फासात धरून वर ओढायचा प्रयत्न केला आणि हातात फक्त शेपटीकडचा तुकडा आला, बाकी प्राणी निसटला. ही हकिकत कादंबरीतली पात्रं बोलून दाखवतात. मला हे फार आवडतं, की खऱ्या माणसांनाही तो पूर्ण कधी दिसला नाही, त्यांच्याकडे तुकडाच राहिला.

पुस्तकातल्या लढाईचं काळीज प्राण्यात नाही. एका खलाशाला विळखा बसतो आणि तो वर हवेत असताना ओरडतो, आणि ओरडतो तो फ्रेंचमध्ये, "आ म्वा! आ म्वा!", वाचवा मला. नॉटिलसवर सगळे एक कोणतीतरी अनोळखी भाषा बोलत असतात, आणि मरताना ह्या माणसाच्या तोंडून आईची भाषा बाहेर पडते. गोष्ट सांगणारा प्रोफेसर फ्रेंच, त्याला तेव्हा कळतं की इतके महिने ह्या जहाजावर माझा एक देशबांधव होता. माणूस जातो. शेवटी रक्ताने माखलेला नेमो, नॉटिलसचा कप्तान, समुद्राकडे बघत उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. हे सिनेमात नाही. एवढ्या गदारोळात, पावसात, लाटांत ती एक हाक ऐकू आली असती तर काय झालं असतं असं मला दर वेळी वाटतं.

सिनेमाने त्याऐवजी दुसरं काळीज घातलं. पुस्तकात नेमो जहाजावर कैदेत असलेल्या नेड लँडला वाचवतो, कारण आधी एकदा शार्कपासून नेडने त्याला वाचवलेलं असतं, ते ऋण फिटतं. सिनेमात उलट आहे, स्क्विड नेमोला पाण्याखाली ओढून नेतो आणि नेड, जो ह्या माणसाच्या कैदेतून पळायला टपलेला आहे, ज्याला ह्याच्याबद्दल काडीचं प्रेम नाही, तोच भाला मारतो आणि पाण्यात उडी टाकून त्याला वर आणतो. हा बदल चांगला आहे, मी मनापासून म्हणतो. पण लक्षात घ्या की हा बदल फक्त वादळात चालतो. शांत संध्याकाळी बाकीच्या खलाशांना सगळं दिसतंय, मग नेडच का धावला असा प्रश्न पडला असता. अंधारात, लाटांत, जो जवळ आहे तोच वाचवू शकतो.

आणि नेमो. इथे मी जरा थांबतो, कारण मराठी वाचकाशी बोलताना हे सोडून पुढे जाणं मला जमणार नाही. भा. रा. भागवतांमुळे आपल्यातल्या कितीतरी जणांना व्हर्न मराठीत भेटला, आणि नेमो आपला माणूस आहे हे कळल्यावरची ती झिणझिणी कोणी विसरलं नसेल. व्हर्नच्या मनात आधी नेमो पोलिश होता, रशियनांनी पोलंडचा उठाव चिरडला त्याचा सूड घेणारा. प्रकाशक हेट्झेलला रशियाला दुखवणं नको होतं, म्हणून व्हर्नने त्याचा देश झाकून ठेवला, आणि पुढे १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये उघड केलं की हा प्रिन्स डाक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा भाचा, १८५७च्या उठावात लढलेला, ज्याचं सगळं घरदार त्यात गेलं. बुंदेलखंड म्हणजे आपल्याला काही परकं नाही, झाशी तिथेच, नेवाळकरांची झाशी, आणि 'माझा प्रवास' लिहिणारे वरसईचे गोडसे भटजी इंग्रजांच्या वेढ्यात तिथेच होते. पहिल्या पुस्तकातही खूण आहेच. सिलोनजवळ नेमो एका गरीब मोती काढणाऱ्याला शार्कच्या तोंडून सोडवतो आणि म्हणतो की हा माणूस पिचलेल्यांच्या देशातला आहे आणि शेवटच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा.

१९१६ मध्ये ह्याच कादंबरीवर एक मूकपट निघाला होता, तोही बहामातच पाण्याखाली चित्रित केलेला, आणि त्याने नेमोला भारतीय राजपुत्र ठेवलं होतं, नट गोरा, रंग फासलेला, पण कथा ठेवली होती. डिस्नीने ती काढली. जेम्स मेसनचा नेमो रुरा पेंथी नावाच्या गुलामछावणीतून सुटलेला कैदी आहे, बायको आणि मूल छळात गेलेलं, कोणत्या देशाचा ते नाही. मेसन अप्रतिम आहे, त्याचा तो थकलेला, मऊ आवाज आणि ऑर्गनवरचा बाख मी विसरू शकत नाही. पण दोन वेगळ्या प्रकारचं झाकणं एकाच सिनेमात आहे हे मला खुपतं. स्क्विड वादळात झाकला तेव्हा मागे खरंच काहीतरी उभं होतं, दोन टनांचं, दोन डझनांहून जास्त माणसांनी हलवलेलं, आणि ते आहे हे प्रत्येक फ्रेममध्ये जाणवतं. व्हर्ननेही पहिल्या पुस्तकात नेमोचा देश झाकला तेव्हा मागे काहीतरी होतं, आधी पोलंड, मग बुंदेलखंड, म्हणून ते झाकणं भरलेलं वाटतं. सिनेमातल्या नेमोचा देश झाकलेला नाही, तो आहेच नाही. पडदा बाजूला केला तर मागे कोणी सापडत नाही, आणि जगावर एवढा राग असलेल्या माणसाचा राग मग थोडा पुस्तकी वाटतो. ज्या लोकांनी एका प्राण्याच्या खरेपणासाठी एवढा पैसा परत ओतला त्यांना माणसाच्या बाबतीत हे सुचलं नाही, ह्याचं वाईट वाटतं.

त्यातल्या एका माणसाची पुढची हकिकत सांगून थांबतो. रॉबर्ट मॅटी निवृत्त झाला होता. १९७३च्या सुमारास त्याला परत बोलावलं, एक शार्क करायचा होता, यांत्रिक, पूर्ण आकाराचा, आणि ह्या वेळी टाकीत नाही तर मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत खऱ्या समुद्रात चालवायचा. सिनेमा 'जॉज'. खाऱ्या पाण्याने यंत्र वरचेवर बंद पडायचं, शार्क बुडायचा, शूटिंग लांबत गेलं. दिग्दर्शक स्पीलबर्ग, वय सत्तावीस. त्याच्याकडे वादळ नव्हतं, दिवसाउजेडी, निळ्या पाण्यावर काम होतं, म्हणजे पहिल्या स्क्विडची तीच अडचण. त्याने शार्क दाखवायचंच लांबवलं. पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा, तुटून ओढला जाणारा बोटींचा लाकडी धक्का, आणि नंतर भाल्याला बांधलेली ती पिवळी पिंपं, जी सपाट पाण्यावरून कोणीतरी खालून ओढत असल्यासारखी बोटीकडे येतात. मॅटीचं यंत्र त्या वेळी बरेचदा दुरुस्तीला किनाऱ्यावर असायचं.